आधी हुक, मग हेड

उसाच्या वाहतुकीसाठी ट्रॅक्टर घेणारा माणूस पहिला प्रश्न एचपीचा विचारतो, दुसरा किमतीचा आणि तिसरा हप्त्याचा. हुकाबद्दल तो विचारतच नाही. ते काम हेड, म्हणजे ट्रॅक्टर, घरी आल्यावर, हार घालून झाल्यावर, एखाद्या दुपारी वेल्डिंगवाल्याकडे उरकायचे असते. हुक बसवणे, झिजलेल्या पिना बदलणे, वाकलेल्या दांड्या सरळ करणे हेच माझे काम असल्यामुळे हा क्रम मला उलट्या बाजूने दिसतो. गंगाखेड-सोनपेठच्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारी जी जोडणी दुरुस्तीला येते, तिच्यात इंजिन कमी पडले अशी तक्रार क्वचितच खरी निघते. मोडलेले असते ते हेड आणि ट्रॉली यांच्या मधले काहीतरी, किंवा त्या मधल्या जागेतून आलेल्या हिसक्यांनी खिळखिळे झालेले काहीतरी. म्हणून माझे म्हणणे असे की निवड मागून पुढे यावी. आधी माल आणि रस्ता, मग ट्रॉली आणि तिचे ब्रेक, मग हुक, मग हेडचे स्वतःचे वजन आणि सगळ्यात शेवटी एचपी. हे म्हणणे दुकानात पटवणे अवघड जाते, कारण एचपीचा आकडा बॉनेटवर लिहिलेला असतो आणि हुकाची उंची कुठेच लिहिलेली नसते.

आपल्या परभणी जिल्ह्याची ठेवण आधी ध्यानात घ्यावी लागते. जायकवाडीचा डावा कालवा आणि माजलगाव प्रकल्पाचे पाणी यांच्या जोरावर पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या भागांत ऊस आला. हा मुलूख बहुतेक सपाट आहे. मात्र दक्षिणेला गंगाखेड-पालमकडे बालाघाटाचे चढउतार लागतात आणि उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेची टोके येतात. जमीन काळी, कोरडी असताना दगडासारखी आणि पाणी लागले की चिकटणारी. फडातून गाडीवाटेने पांदीला, पांदीतून डांबरी रस्त्याला आणि तिथून काट्यावर, अशा तीन प्रकारच्या वाटा एकाच खेपेत येतात. फडातली वाट ओढण्याची परीक्षा घेते आणि डांबरी रस्ता थांबण्याची. घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा फडच असतो, कारण चिखलात फसलेले हेड सगळ्या गावाला दिसते. उतारावर न थांबणारी जोडणी ज्याच्या वाट्याला येते त्यालाच दिसते.

एचपीचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टन ऊस, रिकाम्या ट्रॉल्या दोन-दोन टनांच्या आणि हेड अडीच टनांचे, असे धरू. सगळी जोडणी साडेसव्वीस टनांची झाली. सपाट डांबरी रस्त्यावर चाके फिरत ठेवायला एकूण वजनाच्या साधारण दोन टक्के ओढ लागते, म्हणजे ५३० किलो. ताशी २० किलोमीटरच्या वेगाने ही ओढ कायम ठेवायची तर चाकांवर सुमारे ४० एचपी मिळाले पाहिजेत. बाजारात ५० म्हणून विकले जाणारे हेड तेवढे देते. आता शंभर मीटरला चार मीटर चढ घ्या. ओढ एकदम १५९० किलोवर जाते, पण ताशी सहा किलोमीटरच्या गियरमध्ये त्यालाही ३५ एचपीच पुरतात. गियरबॉक्स असतोच त्यासाठी. म्हणजे ५० च्या जागी ६० एचपीचे हेड घेतले तर चढ चढण्याची क्षमता वाढत नाही, चढावरचा वेग वाढतो. वेग नको असे कोणी म्हणणार नाही, पण कारखान्याच्या यार्डात ट्रॉली नंबर लावून तासन्‌तास उभी राहते, कधी रात्र तिथेच जाते. गव्हाणीपाशी वाट पाहण्यात जाणाऱ्या त्या वेळेपुढे चढावर वाचवलेली चार-सहा मिनिटे कोणत्या खात्यात जमा करायची, हे मला कोणी सांगितलेले नाही.

मग चढावर हेड अडते कशाने? चाक घसरते म्हणून. मागच्या दोन टायरांवर जेवढे वजन असेल त्याच्या ठरावीक हिश्श्याइतकीच ओढ जमिनीला देता येते. हंगामात रस्त्यावर पाला, वाढे आणि टायरांनी आणलेली माती पसरलेली असते, तिथे हा हिस्सा साठ टक्के धरावा. स्वच्छ कोरड्या डांबरावर तो याहून बराच असतो. अडीच टनांच्या हेडचे मागच्या चाकांवर साधारण दीड टन वजन पडते. ओढताना त्यात पुढचे काही वजन सरकून येते, म्हणजे १९०० किलोच्या आसपास. त्याचे साठ टक्के ११४०. चढाला हवेत १५९०. इंजिनात जोर शिल्लक असतो आणि चाक जागेवर फिरते. अशा वेळी चालक म्हणतो, हेड कमी पडले. हेड नव्हे, हेडचे वजन कमी पडले. मागच्या मोठ्या टायरमध्ये पाणी भरले तर एकेका टायरला दोनशे लिटरच्या आसपास मावते. चाकांना बिडाची वजने लावता येतात. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांवरचे वजनही ओढीच्या कामी येते. दोन हेडांमधून एक निवडायचे असेल आणि एचपीत पाचाचा फरक असेल, तर मी माहितीपत्रकातला एचपीचा रकाना सोडून एकूण वजनाचा रकाना आधी वाचतो. फोर-व्हील ड्राइव्हचे जास्तीचे पैसे मला एचपीच्या जास्तीच्या पैशांपेक्षा सत्कारणी लागलेले वाटतात. त्याचे आणखी एक कारण ब्रेकच्या हिशोबात येईल.

आता खऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे हुकाकडे. ट्रॉली हेडला दोन गोष्टी देते, मागे खेचणारा जोर आणि खाली दाबणारे वजन. बैलगाडी भरणाऱ्या पिढीला हे शिकवावे लागले नव्हते. गाडीत माल मागे जास्त झाला की ती उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की मान दबते आणि बैल चालत नाही. भरणारा माणूस दांडी हाताने उचलून पाहायचा आणि दोन मोळ्या पुढे-मागे करायचा. ट्रॉलीला तीच परीक्षा लागू आहे, फक्त दांडी आता हाताने उचलत नाही म्हणून ती कोणी करत नाही. दोनचाकी ट्रॉलीच्या दांडीचे वजन हुकावर टनभर येऊ शकते. हुक मागच्या आसाच्या मागे सुमारे सत्तर सेंटिमीटरवर असतो आणि पुढच्या-मागच्या चाकांत दोन मीटर अंतर असते. त्यामुळे हुकावरचे हजार किलो मागच्या चाकांवर १३५० होऊन बसतात आणि पुढच्या चाकांवरून ३५० काढून घेतात. पकडीच्या दृष्टीने हे उत्तम. तोच चढ, जो आधी चढवत नव्हता, तो आता चढवतो. पण पुढे हजार किलो होते तिथे ६५० उरले, आणि चढावर ओढ लागली की त्यातूनही जाते. किती जाते हे हुकाच्या उंचीवर ठरते.

हुक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर १५९० किलोच्या ओढीने पुढच्या चाकांवरचे सुमारे चारशे किलो कमी होतात आणि अडीचशे उरतात. स्टिअरिंग हलके लागते, वळण उशिरा घेतले जाते, तरी गाडी हातात राहते. हाच हुक नव्वद सेंटिमीटरवर नेला की सातशेहून अधिक किलो निघून जातात. हातात होते ६५०. याचा अर्थ पुढची चाके जमीन सोडतात. चाळीस सेंटिमीटरचा हा फरक ज्या दुपारी वेल्डिंग होते त्या दुपारी ठरतो. त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की ट्रॉलीची दांडी उंच बनवली आहे आणि ती बदलण्यापेक्षा हेडचा हुक वर घेणे स्वस्त पडते. ट्रॉली एका गावच्या कारागिराकडून आलेली, हेड कंपनीचे, आणि दोघांची उंची जुळवणे तिसऱ्याच्या माथी. माझा नियम असा आहे की दांडी कापून खाली आणावी, हुक वर नेऊ नये. खर्च थोडा जास्त येतो आणि एक दिवस मोडतो. गिऱ्हाईक कुरकुरते, पण वरचे गणित खडूने फरशीवर मांडून दाखवले की बरेचजण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी शेजारच्या गल्लीत दुसरे दुकान आहेच.

त्याहून वाईट सवय म्हणजे लिफ्टच्या दांड्यांमध्ये आडवी पट्टी टाकून तिला ट्रॉली जोडणे. औजारासाठी बनवलेली ती जागा. लिफ्ट वर राहिली की ओढीची जागा आसाच्या वर जाते, आणि मागची चाके चिखलात रुतलेली असताना चालकाने क्लच झटकन सोडला की चाके फिरण्याऐवजी हेडच आसाभोवती फिरू लागते. पुढचे नाक उठते आणि डोळ्याचे पाते लवेपर्यंत ते चालकाच्या अंगावर येते. फसलेल्या हेडला दुसऱ्या हेडने टोचन करतानाही हाच धोका असतो, साखळी जर वरच्या लिंकच्या कानाला अडकवली तर. साखळी नेहमी खालच्या हुकालाच लावावी, यात वाद असण्याचे कारण नाही, आणि तरीही हंगामात फडाच्या बांधावर काय चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पिनेबद्दल लोक बोलत नाहीत, कारण ती स्वस्त आहे. भोक मोठे आणि पिन बारीक झाली की मधल्या पोकळीत ट्रॉली मागे-पुढे आदळते. गियर बदलताना, खड्ड्यात, ब्रेक दाबताना प्रत्येक वेळी बारा टन वजन बोटभर जागेत धावून येऊन धडकते. हा धक्का हुकाच्या बोल्टांना बसतो, बोल्टांकडून हौसिंगला. बोल्ट सैल झाले की लोक वेल्डिंग मारून घेतात, आणि बिडाच्या हौसिंगवर मारलेले वेल्डिंग पुढच्या हंगामात त्याच रेषेत तडकते. पिन कसल्या लोखंडाची आहे हेही कोणी पाहत नाही. बांधकामाच्या सळईचा तुकडा पिन म्हणून चाललेला दिसतो. दुहेरी जोडणीत आणखी एक गोष्ट येते, जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. मागची दोनचाकी ट्रॉली आपली दांडी पुढच्या ट्रॉलीच्या शेपटीवर टेकवते, त्यामुळे पुढच्या ट्रॉलीची दांडी वर उचलली जाते. आसापासून पुढचा हुक चार मीटरवर आणि मागचा दोन मीटरवर असेल, तर मागून आलेले आठशे किलो पुढचे चारशे कमी करतात. म्हणून एका ट्रॉलीने छान चालणारे हेड दुसरी जोडली की चढावर घसरू लागते आणि मालक इंजिन तपासायला आणतो. दुसरी ट्रॉली चारचाकी असेल तर हा त्रास होत नाही, कारण तिचे वजन तिच्याच चाकांवर राहते. पण पहिलीही चारचाकी असेल तर हेडच्या मागच्या चाकांना काहीच मिळत नाही. प्रत्येक जोडणीत काहीतरी सोडावेच लागते. माझ्या मते पुढची दोनचाकी आणि मागची चारचाकी हा सगळ्यात कमी वाईट मेळ आहे, फक्त त्यात माल भरताना पुढच्या ट्रॉलीत मोळ्या पुढच्या अंगाला किंचित जास्त पडतील हे पाहावे लागते, आणि तिथे हुकूम मालकाचा चालत नाही, टोळीचा चालतो.

इथवर ओढण्याचे झाले. थांबण्याचा हिशोब यापेक्षा भयंकर आहे. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते मागच्या दोन चाकांना. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचे त्यांनीच थांबवायचे, आणि पकडीची मर्यादा तीच. नुसते हेड ताशी २५ किलोमीटरच्या वेगात असेल तर ब्रेक दाबल्यावर आठेक मीटरमध्ये थांबते. चालकाच्या पायाला ही सवय झालेली असते. त्यालाच बिनब्रेकच्या दोन भरलेल्या चारचाकी ट्रॉल्या जोडल्या की वरचेच आकडे घेऊन अंतर पन्नास मीटरवर जाते. दोनचाकी ट्रॉलीने मागच्या चाकांवर वजन टाकलेले असेल तर बत्तीस-तेहतीस. याशिवाय पाय पेडलवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात सात मीटर जातात ते वेगळेच. आता शंभराला चार मीटरचा उतार लावा. दोनचाकीचे अंतर सदुसष्ट मीटर होते. चारचाकी जोडणीचे अडीचशे मीटरच्या आसपास जाते, आणि कागदावर अडीचशे येणे याचा रस्त्यावरचा अर्थ ती थांबत नाही असाच घ्यावा. शिवाय ब्रेक लागल्यावर मागच्या ट्रॉल्या हुकाला पुढे ढकलतात. हुक उंच असेल तर ती ढकल हेडचा मागचा भाग हलका करते, म्हणजे ब्रेक असलेल्या चाकांचीच पकड आणखी कमी होते. ढकल सरळ रेषेत नसेल, वळणावर असेल, तर हेड आडवे फिरते. दोन ब्रेक पेडल जोडणारी पट्टी शेतातून निघताना लावायची राहिली असेल तर एकाच बाजूचे चाक अडते आणि हेच आडवे फिरणे सरळ रस्त्यावरही घडते. फोर-व्हील ड्राइव्हचे दुसरे कारण इथे आहे. ते गुंतवलेले असताना मागचा ब्रेक पुढच्या चाकांनाही धरतो. आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारा चालक इंजिनाची जी थोडीफार रोख मिळते तीही सोडून देतो.

या सगळ्यावर जगाने शोधलेला उपाय साधा आहे. ज्याचे वजन त्याने थांबवावे. ट्रॉलीच्या चाकांनी आपल्या वजनाच्या एक पंचमांश एवढी जरी रोख दिली, तर पन्नास मीटरचे अंतर अकरा मीटरच्या आत येते. दुप्पट एचपीने हे होणार नाही, हेडचे ब्रेक कितीही चांगले केले तरी होणार नाही, कारण अडचण ब्रेकची नाही, ते ज्या टायरांना आहेत त्यांच्यावरच्या वजनाची आहे. हौसेने घर चाकांवर घेऊन फिरणाऱ्या देशांत हा प्रश्न कधीच सुटला आहे. ब्रिटनमध्ये मोटारीमागे ७५० किलोपेक्षा जड ट्रेलर जोडायचा तर त्याला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. अमेरिकेत तीस-तीस फुटी कॅराव्हॅन ओढणारे लोक दांडीवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार येतो की नाही हे निघण्याआधी तोलून पाहतात, कारण कमी आला तर वेगात शेपूट झोके खाऊ लागते. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. परभणीत कोणी हौसेची कॅराव्हॅन ओढत असेल असे वाटत नाही. पण चाकांवर घर घेऊन लांब जाणारी माणसे आपल्याकडे हजारोंनी आहेत, आणि ती हौसेने जात नाहीत.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड टोळ्या निघतात. जिंतूर, पालम, गंगाखेडच्या डोंगराकडच्या गावांतून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. ट्रॉलीत कोपीचे सामान, भांडी, धान्य, शेळ्या, आणि त्या सामानासोबत बायका, पोरे, म्हातारी माणसे. मालवाहू ट्रॉलीत माणसे बसवणे कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. एवढ्या माणसांना सामानासकट नेणारी, टोळीला परवडणारी दुसरी सोयही नाही. इथे भार फार कमी असतो, उसाच्या खेपेच्या मानाने काहीच नाही, म्हणून हुकाकडे अजिबात लक्ष जात नाही. उलट याच प्रवासात ते सगळ्यात जास्त हवे. भार हलका म्हणून वेग वाढतो. सामान ट्रॉलीच्या मागच्या अंगाला रचलेले असते, कारण पुढे माणसे बसतात किंवा पाठ टेकायला जागा ठेवलेली असते. त्यामुळे दांडीवरचा भार जवळजवळ नाहीसा होतो आणि रिकाम्या, सैल पिनेवर ट्रॉली झोके खाऊ लागते. रात्रीचा प्रवास, शेकडो किलोमीटर, मागे लाल दिव्याच्या जागी बहुधा फक्त रिफ्लेक्टरची पट्टी. वीस टन ऊस ओढायला कोणते हेड घ्यावे यावर गावात चार दिवस खल होतो. त्याच हेडमागे स्वतःची पोरे बसणार असताना पिनेला लॉक आहे का आणि तुटलीच तर धरून ठेवणारी साखळी आहे का, हे विचारायला कोणी दुकानात येत नाही. ती साखळी एका टायरच्या किमतीच्या कितीतरी खाली येते.

या म्हणण्यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला फडाचा. काळ्या रानात पाणी दिलेल्या फडातून भरलेली ट्रॉली काढताना ओढ डांबराच्या पाच-दहापट लागते, तिथे एचपी लागतोच की, असे म्हणतात. ओढ तेवढी लागते हे खरे. पण ती देणारे चाक चिखलात फिरत असते, इंजिन बंद पडत नसते. रानात हेड फसल्यावर धूर काढत गोल फिरणारा टायर हाच त्याचा पुरावा. तिथे जास्त एचपी म्हणजे टायर जास्त वेगाने खड्डा खणणार. उपाय म्हणजे रुंद टायर, चाकावरचे वजन, फोर-व्हील ड्राइव्ह, आणि त्याहून साधे म्हणजे फडातून एकेक ट्रॉली काढून रस्त्यावर आल्यावर दुसरी जोडणे. यात वेळ जातो. पण टोचनासाठी दुसरे हेड बोलावण्यात, ते येईपर्यंत थांबण्यात आणि क्लच प्लेट जाळण्यात जाणारा वेळ त्यात मोजला पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जड आहे. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. टोळीला उचल दिलेली असते, मुकादम कधी माणसे घेऊन येईल आणि कधी येणार नाही याची खात्री नसते, हेडचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. अशा माणसाला ‘कमी भर’ असे सांगणे म्हणजे उपाशी राहा असे सांगणे. मी ते सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे, तो भरण्याची वेळ आली तर अनेक खेपांची कमाई जाते. पण दंड रोज होत नाही आणि हप्ता दर महिन्याला येतो, त्यामुळे दंडाची भीती घालून कोणाचा हिशोब बदलत नाही. माझे म्हणणे पैसे कुठे घालायचे याबद्दल आहे. ५० ऐवजी ६० एचपीचे हेड घेताना जो फरक द्यावा लागतो, तो मोठा असतो आणि त्यावर व्याजही चालते. तोच पैसा दोन ट्रॉल्यांना ब्रेक, खाली आणलेली दांडी, भक्कम पिना आणि टायरमधले पाणी यांत घातला तर बहुतेक वेळा उरतो. पुढची बचत शांत असते म्हणून डोळ्यांत भरत नाही. धक्के कमी म्हणून हौसिंग टिकते, घसरणे कमी म्हणून टायर आणि क्लच टिकतात. माझ्यासारख्याचा धंदा त्याने कमी होतो, हे या सल्ल्याच्या खरेपणाचे एक लक्षण समजावे.

तिसरे म्हणतात की ट्रॉलीला ब्रेक बसवले तरी चालक जोडत नाही, पाइप फडात तुटतो, मग पुन्हा तेच. हे मी नाकारू शकत नाही. हायड्रॉलिकचा पाइप ट्रॉलीच्या खाली लोंबता ठेवला तर तो उसाच्या खोडक्यांत अडकणारच. तो दांडीच्या आतून नेता येतो, आणि जोडणी हुकाजवळ हाताला येईल अशी ठेवता येते. ट्रॉलीने हुकाला ढकलले की आपोआप लागणारे ब्रेकही असतात. त्यांना चालकाने काही करावे लागत नाही, फक्त रिव्हर्स घेताना खटका लावावा लागतो. मोठ्या भाराला ते अपुरे पडतात, पण काहीच नसण्यापेक्षा ते किती पुढचे आहेत हे पन्नास मीटरच्या आकड्यावरून कळावे. खरी अडचण यंत्राची नाहीच. हेडला कर्ज मिळते, त्याची कागदपत्रे शोरूममध्ये होतात. ट्रॉली कायद्याने वेगळे वाहन आहे, तिची वेगळी नोंदणी लागते, पण घेणाऱ्याच्या मनात ती हेडची शेपूट असते आणि शेपटीसाठी कोणी वेगळा विचार करत नाही. ज्या रकमेत हेड बसते ती मंजूर होते, ब्रेक त्या रकमेत नसतात.

म्हणून कोणी विचारले की हे बदलणार कुठून, तर मी वाहतुकीच्या कराराकडे बोट दाखवतो. हंगामाआधी कारखाना वाहनमालकाशी करार करतो, उचल देतो, गाडीची कागदपत्रे पाहतो. त्याच दिवशी हुकाची जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजली, पिन काढून तिची झीज पाहिली, साखळी आणि ट्रॉलीचे ब्रेक नोंदले, तर दर गाडीला पंधरा मिनिटांहून जास्त लागणार नाही. उचलीचा एक छोटा भाग ट्रॉलीच्या ब्रेकसाठी म्हणून वेगळा दिला तर तो त्याच हंगामाच्या वाहतुकीच्या बिलातून फिटतो, हप्ता लांबत नाही. चालकांच्या शिबिरात रिफ्लेक्टर वाटले जातात तसे पेडलची पट्टी आणि न्यूट्रल यांबद्दलही तिथेच बोलता येईल. आमच्यासारख्या वेल्डिंगवाल्यांनाही यातून मोकळे सोडू नये. लिफ्टच्या दांड्यांना ट्रॉलीचा हुक मारून देणारा कारागीर त्या कामाचा अर्धा मालक असतो. माझ्या दुकानात ते काम घेत नाही, आणि दांडी खाली आणायला आलेल्या ट्रॉलीची पिन झिजलेली दिसली तर ती बदलल्याशिवाय गाडी सोडत नाही. पिनेचे पैसे हंगाम संपल्यावर दिले तरी चालतात.